अ‍ॅटिकस सगळ्यांनाच व्हायचंय

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचलेल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: अ‍ॅटिकस फिंच भारी! हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. १९६२च्या सिनेमात ग्रेगरी पेकने अ‍ॅटिकस असा काही उभा केला की वकील म्हटलं की अनेकांना तोच आठवतो. आठवू दे. पण तो खटला हरला आणि शिक्षा झाली टॉम रॉबिन्सनला. त्याच्याविषयी आपण किती बोलतो?

१९३०च्या दशकातला अलाबामा, मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव. मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप कृष्णवर्णीय टॉमवर आहे. मारहाणीच्या खुणा तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालाय. मुलीचा बाप मात्र भर कोर्टात डाव्या हाताने नाव लिहून दाखवतो. डॉक्टरला तर कुणी बोलावलेलंच नव्हतं. आणखी काय पुरावा हवा? तरीही ज्युरी म्हणते, दोषी.

टॉमचा घात करणारं उत्तर वेगळंच आहे. तो मायेलाला घरकामात फुकट मदत करायचा. का, असं सरकारी वकील विचारतो आणि टॉम बोलून जातो की त्याला तिची कीव यायची. संपलं! काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची? कीव वरच्याने खालच्याची करायची असते ना. युएल कुटुंब गावाच्या उकिरड्यालगत राहतं, इतर गोरे त्यांना दारात उभं करत नाहीत. पण टॉम खरा ठरला तर अख्खी उतरंडच हलते. म्हणून ज्युरीला बाप-लेकीची बाजू घ्यावीच लागते. ही ज्युरी म्हणजे कुणी राक्षस नाहीत, साधे गोरे शेतकरी आहेत. वाचताना आपण सगळे अ‍ॅटिकसच्या शेजारी जाऊन बसतो, त्यांच्या बाकावर स्वतःला कुणीच बघत नाही.

कादंबरीवरही माझा एक राग आहे. टॉमचं घर आपल्याला जेमतेम दिसतं. तुरुंगातून पळताना त्याला १७ गोळ्या लागतात, ती बातमीसुद्धा आपल्याला अ‍ॅटिकसच्या स्वयंपाकघरात कळते.

आणि ‘काल्पनिक आहे’ म्हणून हे सोडूनही देता येत नाही. १९३१मध्ये याच अलाबामात, स्कॉट्सबरोला, मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. काही आठवड्यांतच आठ जणांना फाशीची शिक्षा! १९३३च्या फेरखटल्यात त्यातल्या एकीने स्वतःच साक्ष दिली की असं काही घडलंच नाही. सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीने तरीही आरोपीला दोषी ठरवलं. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून पद्धतशीर वगळलं जातं, हे १९३५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आणि शिक्षा रद्द केली. खटले मात्र पुढेही चालूच राहिले. नऊपैकी शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३मध्ये. तोवर नऊपैकी एकही जण हयात नव्हता.