कोचच्या खुर्चीतून डीएसए

मे महिना आला की सिंगापूरमधल्या ज्या मराठी घरांत प्रायमरी सहावीतलं मूल आहे, तिथे एकच चर्चा सुरू होते: डीएसए करायचं का, आणि कशातून? गावाकडच्या आजी-आजोबांना फोनवर हा शब्द ऐकून ऐकून पाठ झालेला असतो, पण भानगड नेमकी काय आहे ते त्यांना कुणी नीट सांगत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

डीएसए म्हणजे डायरेक्ट स्कूल ॲडमिशन. इथे सहावीच्या शेवटी पीएसएलई ही परीक्षा होते आणि तिच्या निकालावर माध्यमिक शाळा मिळते. चार विषय, सगळ्यात चांगला निकाल ४ आणि सगळ्यात वाईट ३२. या एका परीक्षेवर सगळं अवलंबून राहू नये म्हणून २००४ पासून सरकारने दुसरं दार उघडलं. मूल खेळात, संगीतात, नाट्यात, चित्रकलेत, भाषेत, गणित-विज्ञानात किंवा नेतृत्वात पुढे असेल, तर परीक्षेच्या आधीच शाळा त्याला जागा देऊ करते. आयपी म्हणजे सलग सहा वर्षांचा अभ्यासक्रम सोडला, तर शाळांना सातवीच्या २० टक्क्यांपर्यंत जागा अशा भरता येतात. अर्ज मेच्या सुरुवातीला सुरू होतात, जूनच्या सुरुवातीला बंद होतात. फी नाही. तीन पसंती देता येतात. मग शाळा मुलाखती आणि ट्रायल घेतात आणि सप्टेंबरपर्यंत कळवतात: पक्की ऑफर, प्रतीक्षा यादी किंवा नकार.

घरोघरी यावर जी चर्चा होते ती बहुतेक मुलाच्या बाजूने असते. कोणती मेडल्स जोडायची, पोर्टफोलिओ कसा करायचा, मुलाखतीत काय बोलायचं. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस काय हिशेब करतोय, याचा विचार फारसा होत नाही. मला तो हिशेब उमजला एका गेममुळे.

गेममधली भरती

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर काही ऑनलाइन सिम्युलेशन गेम आहेत. व्हॉटइफस्पोर्ट्स या साइटवरचा 'हूप्स डायनेस्टी' हा त्यातला जुना आणि प्रसिद्ध. यात तुम्ही खेळाडू नसता, कोच असता. चेंडू कुणी हातात धरत नाही, सामना संगणक खेळवतो. तुमचं काम संघ बांधायचं. बाराजणांचा संघ, दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन बाहेर पडणार, त्यांच्या जागी शाळेतून नवी मुलं आणायची. समोर दुसरे कोच असतात, तीही खरीखुरी माणसं, आणि त्यांचाही त्याच मुलांवर डोळा. प्रत्येकाकडे बजेट ठरावीक. त्यातूनच मुलं शोधायची, त्यांच्याशी संपर्क ठेवायचा, घरी भेटीला जायचं, कॉलेज दाखवायला बोलवायचं, स्कॉलरशिप देऊ करायची. 'तुला इतकी मिनिटं खेळवीन' असं वचनसुद्धा देता येतं.

सामना जिंकणं-हरणं बरंचसं या भरतीतच ठरतं. आणि जो चार-सहा सीझन टिकतो त्याला तीन गोष्टी कळतात.

पहिली: उत्तम खेळाडू कोण, हा प्रश्नच नसतो. माझ्याकडे कोणती जागा रिकामी होतेय, हा प्रश्न असतो. संघात तीन चांगले गार्ड असतील तर चौथा कितीही भारी असो, त्याच्यावर बजेट घालवण्यात अर्थ नाही. पण दोन उंच सेंटर यंदा बाहेर पडत असतील, तर मध्यम दर्जाचा उंच मुलगासुद्धा सोन्यासारखा.

दुसरी: आजचे आकडे आणि उद्याचे आकडे वेगळे. काही मुलं आली तेव्हाच तयार असतात, पण पुढे फारशी वाढत नाहीत. काही कच्ची दिसतात आणि तिसऱ्या वर्षी संघ खांद्यावर घेतात. ही वाढ किती होईल ते सुरुवातीला दिसत नाही. ते शोधायलाही खर्च करावा लागतो.

तिसरी: आपली पत ओळखून बोली लावायची. नवखा कोच लहान कॉलेज घेऊन यादीतल्या पहिल्या पाच मुलांच्या मागे लागतो. ती मुलं शेवटी मोठ्या नावाच्या कॉलेजात जातात, याचं बजेट संपतं आणि जागा भरायला उरलीसुरली मुलं घ्यावी लागतात. जुना कोच एक अवघड, एक बरोबरीचं आणि एक हमखास, अशी मांडणी करतो.

तोच हिशेब, खऱ्या मुलांवर

आता डीएसएकडे या खुर्चीतून बघा.

शाळेचा बॅडमिंटन संघ नॅशनल स्कूल गेम्समध्ये उतरतो. कोचला माहीत असतं की पुढच्या वर्षी किती मुली सेकंडरी फोरमधून बाहेर पडणार. त्यामुळे एकाच दर्जाच्या दोन मुलींना एका शाळेत पक्की ऑफर आणि दुसऱ्या शाळेत नकार मिळू शकतो, आणि त्यात मुलीच्या खेळाचा दोष असेलच असं नाही. नकार आला की घरात सुतकी वातावरण होतं, 'बॅकहँड कमी पडला' म्हणून पुन्हा जादा कोचिंग लावलं जातं. खरं तर त्या शाळेत त्या वर्षी जागाच नसेल. म्हणून ओपन हाऊसला गेल्यावर इमारत बघत फिरण्यापेक्षा कोचला सरळ विचारावं: तुमच्या संघात आत्ता कोणत्या वर्गातली किती मुलं आहेत? मुलगा डीएसएने आला तर पहिल्या दोन वर्षांत खेळेल की बाकावर बसेल? असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

वाढीचा मुद्दा तर बारा वर्षांच्या मुलांना जास्तच लागू होतो. इथे शाळेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच वर्गात, एकाच वयोगटात खेळतं. या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत डोळ्यांना दिसणारा फरक. जगभर अनेक खेळांत हे दिसून आलंय की वयोगटाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात. मेडलच्या यादीवर जाणारा कोच खरं म्हणजे कधी कधी जन्मतारीखच निवडत असतो. आणि उशिरा वाढणारं मूल त्याच वेळी 'आपल्याला जमत नाही' असं ठरवून खेळ सोडून देतं.

याबाबतीत आपल्याकडचं उदाहरण आठवावं असं आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. २००९ मध्ये वडिलांनी त्याला महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे आधी वर्षभर शारीरिक तयारी करून घेतली, त्यानंतर खेळ निवडायचा होता आणि त्याने नेमबाजी निवडली. म्हणजे भरती झाली तेव्हा त्याच्याकडे दाखवायला नेमबाजीचं एकही मेडल नव्हतं. चौदाव्या वर्षी त्याला घेणाऱ्यांनी तयार माल घेतला नाही, वाढ होईल यावर भरवसा ठेवला. पदक आलं पंधरा वर्षांनी. क्रीडा प्रबोधिनीत उणिवा असतील, पण ही पद्धत मुळात बरोबर आहे.

ऑफर घेतली की दार बंद

गेम आणि खरं आयुष्य जिथे वेगळं होतं ती जागा म्हणजे वचन. गेममध्ये एखादा खेळाडू फसला तर तीन-चार सीझनमध्ये तो निघून जातो आणि आपण पुढच्याला लागतो. इथे मात्र डीएसएने जागा घेतली की पीएसएलईचा निकाल कितीही चांगला आला तरी नेहमीच्या शाळावाटपात भाग घेता येत नाही आणि नंतर दुसऱ्या शाळेत बदलीही मागता येत नाही. ज्या कौशल्यावर जागा मिळाली ते कार्यक्रमाच्या पूर्ण मुदतीत चालू ठेवायचं, अशी अपेक्षा असते. उलट बाजूने पीएसएलईचा निकाल त्या शाळेच्या किमान पातळीत बसला नाही, तर पक्की ऑफरही उपयोगाची नाही.

बारा वर्षांच्या मुलाच्या चार-सहा वर्षांचा हा करार आहे. मध्ये गुडघा दुखावला तर? चौदाव्या वर्षी त्याला पोहण्याचा कंटाळा आला आणि रोबोटिक्स आवडायला लागलं तर? म्हणून पसंतीक्रम भरताना माझ्या मते एकच कसोटी लावावी: खेळ वजा केला, तरी ही शाळा मुलाला चालेल का? तिथला अभ्यास त्याला झेपेल का, रोज जाण्यायेण्यात किती वेळ जाईल, मित्र होतील का? उत्तर 'नाही' असेल तर नाव कितीही मोठं असो, ती पसंती द्यायला नको.

अमेरिकेचं स्वप्न आणि बदललेला भाव

या सगळ्याच्या पुढे अनेक पालकांच्या मनात अमेरिकेची स्पोर्ट्स स्कॉलरशिप असते. सिंगापूरकरांना त्यासाठी जोसेफ स्कूलिंगचं उदाहरण आहे. टेक्सास विद्यापीठाच्या संघातून पोहणाऱ्या या मुलाने २०१६ ला रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये ५०.३९ सेकंदांची वेळ देऊन मायकेल फेल्प्सला मागे टाकलं आणि सिंगापूरला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. वाट आहे, हे खरं. पण गेल्या काही वर्षांत त्या वाटेवरचे नियम बदललेत आणि आपल्या घरांत अजून जुन्याच नियमांवर स्वप्नं रंगवली जातात.

१ जुलै २०२१ पासून अमेरिकेतले कॉलेज खेळाडू स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवू शकतात. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा सगळ्या खेळांत आली. २०२४ मध्ये 'एकदाच' ही अटही गेली, अभ्यास नीट असला की झालं. आणि ६ जून २०२५ ला 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली, त्यामुळे कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

ज्यांनी गेम खेळलाय त्यांना याचा अर्थ पटकन कळेल. पूर्वी कोच शाळेतलं कच्चं मूल घेऊन चार वर्षं घडवायचा, कारण ते मूल सहसा चार वर्षं टिकायचं. आता घडवलेला मुलगा दुसऱ्या वर्षी जास्त पैसे देणाऱ्या कॉलेजात जाऊ शकतो. मग कोच घडवण्यात गुंतवणूक कशाला करेल? तो दुसऱ्या कॉलेजातून बावीस वर्षांचा तयार खेळाडू उचलतो. बास्केटबॉलमध्ये हे ठळकपणे होतंय. संघातल्या जागा मोजक्याच, त्यामुळे फटका बसतो तो अठराव्या वर्षी थेट शाळेतून येणाऱ्या मध्यम दर्जाच्या मुलाला. आणि आशियातून जाणारी आपली मुलं बहुतेक याच गटात मोडतात. शिवाय विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांच्या कामावर निर्बंध असतात, त्यामुळे या नव्या पैशाचा वाटा त्यांना अमेरिकन मुलांइतका सहज मिळत नाही.

दोन साध्या गोष्टीही अनेकांना माहीत नसतात. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, आणि हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची विद्यापीठंही नाहीत. तिथे खेळाचा उपयोग प्रवेशासाठी होतो, फीसाठी नाही. आयव्ही लीगमध्ये ती मदत घरच्या उत्पन्नावर ठरते.

मुलगा असेल तर आणखी एक हिशेब. आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलांनाही इथे दोन वर्षांची नॅशनल सर्व्हिस असते. स्कूलिंगला ती पुढे ढकलून मिळाली. २०१८ मध्ये फुलहॅम क्लबशी करार मिळालेल्या बेन डेव्हिस या फुटबॉलपटूला मिळाली नाही. अपवादावर घरचा आराखडा बांधता येत नाही.

मग खेळवायचं नाही का?

जरूर खेळवायचं. डीएसए ही चांगली सोय आहे. परीक्षेत मागे पडणाऱ्या पण पाण्यात मासोळीसारख्या सुळसुळणाऱ्या पोरीला तिच्यामुळे मान मिळतो, आणि मार्कांच्या मागे धावणाऱ्या या शहरात ते लहानसहान नाही. माझा आक्षेप आहे तो सहाव्या-सातव्या वर्षी 'डीएसएसाठी' म्हणून खेळ निवडण्याला. कोणत्या खेळात स्पर्धा कमी, कुठे जागा जास्त, याची गणितं करून मुलाला तलवारबाजीला घालणाऱ्या पालकाला वाटतं आपण हुशार डाव टाकला. पण तोच डाव दुसऱ्या शंभर पालकांनीही टाकलेला असतो, आणि सहा वर्षांनी कोणत्या शाळेत कोणती जागा रिकामी असेल हे आज कुणालाच, त्या कोचलासुद्धा, माहीत नसतं.

भरती हा निवडणाऱ्याचा खेळ आहे. त्यात मूल म्हणजे संघातली एक जागा असते, आणि कोचने तसं बघणं हे त्याचं कामच आहे. आईबापांचं काम वेगळं. घरात दुसरा कोच तयार करून मुलाचे आकडे मोजत बसण्यापेक्षा त्याला विचारावं, 'बाळा, डीएसए झालं नाही तरी पुढच्या वर्षी हा खेळ खेळशील का?' उत्तर 'हो' आलं तर अर्ज जरूर भरा. आणि पुण्या-कोल्हापूरच्या आजी-आजोबांनो, सप्टेंबरमध्ये फोन कराल तेव्हा 'मिळालं का रे?' असं विचारण्याआधी यंदा खेळायला मजा आली का, ते विचारा.