डोंगर कुणाला विचारून फोडता?



आपल्या बोरी बुद्रुकला कुकडीकाठी लोखंडाची खाण नाही. तरीही गडचिरोलीच्या सुरजागडची हकीकत घराघरात बोलली जावी अशी आहे.

एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. २००७ साली तिथली सुमारे ३४८ हेक्टर जमीन लोहखनिजासाठी लॉईड्स मेटल्स कंपनीला पट्ट्याने मिळाली. २०१६ पासून खोदकाम सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांचे १ कोटी टन करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. कुठे? डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, तर दूर गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी! मजुरी बुडवून, पदरचे भाडे भरून किती आयाबाया तिथे पोहोचणार?

ओडिशात वेगळे घडले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. डोंगरिया कोंधांच्या भागातील बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. माणसे तितकीच गरीब होती. पण प्रश्न त्यांच्या गावात, त्यांच्यासमोर विचारला गेला.

कंपनी येते ती नोकरी, शाळा, दवाखाना घेऊन. गरज खरी आहे, ती कोण नाकारील? पण शाळा आणि दवाखाना हा नागरिकाचा हक्क आहे, होकाराची किंमत नव्हे. पाणी, धूळ, जंगल यांचा हिशेब आधी लोकांच्या बोलीत सांगावा आणि 'नाही' म्हणायची मोकळीक ठेवावी, तरच ती विचारणा.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात दगड-मुरुमासारख्या गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस सक्तीची केली. लोहखनिज त्यात बसत नाही. ही पळवाट मोठी आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील महादेव कोळी बांधवांनी हा कायदा नीट समजून घ्यावा.

आणि आपण? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याच्या संकुचितपणावर कोरडे ओढले होते. ग्रामसभा मूठभरांची राहिली, तर ती तोच गावगाडा ठरेल. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतील आणि एकोप्याने विचार करतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले होते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला वस्तीतली माणसे, विशेषतः भगिनी, हजर राहू द्या. ठराव मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा. कोऱ्या कागदावर अंगठा मुळीच नको.