सावली आणि घड्याळ

वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बेंगळुरूत उभारलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात महायुद्धकाळी कॅटलिना विमाने दुरुस्तीला येत. ती बेळंदूर तलावावर उतरत. अशा छायाचित्राचे स्थळ आज संगणक क्षणात सुचवतो. पण सूचना म्हणजे पुरावा नव्हे. सावलीवरून दिशा काढता येते, मात्र त्यासाठी वेळ अचूक हवी. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती. छायाचित्रामागची वेळ आजच्या प्रमाणवेळेने वाचली, तर दिशा चुकते आणि तलावाचा काठच बदलतो. चुकीचे स्थळनाम एकदा रूढ झाले, की पुढील संशोधन त्यावरच उभे राहते. म्हणून विद्यार्थ्यांनो, गणिताआधी इतिहास तपासा आणि निष्कर्षासोबत त्याची कारणेही मांडा.