अकरा लाखांची भाषा

'मराठीत भौतिकशास्त्र नीट सांगता येत नाही' असे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. हे विधान जरा तपासून पाहू.

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया देशाची भाषा एस्टोनियन. ती बोलणारे सुमारे ११ लाख. ती फिनिशची जवळची नातलग. मराठीशी तिचे नाते नाही. 'तो' आणि 'ती' यांना तिच्यात एकच शब्द. क्रियापदाला भविष्यकाळाचे वेगळे रूप नाही. विभक्ती मात्र चौदा! पण घाबरू नका. 'माया' म्हणजे घर, 'मायास' म्हणजे घरात, 'मायास्त' म्हणजे घरातून, 'मायानी' म्हणजे घरापर्यंत. आपल्यासारखेच शब्दाला शेपूट जोडायचे.

तेथील तार्तू विद्यापीठात पूर्वी जर्मन व पुढे रशियन भाषेत शिकवीत. १९१९ साली ते एस्टोनियन भाषेचे विद्यापीठ झाले. शब्द अपुरे पडले, तेव्हा नवे घडविले. योहानेस आविक या भाषातज्ज्ञाने तर कित्येक शब्द स्वतः रचले; शस्त्राला 'रेल्व' हा त्यांपैकीच एक. आज तेथे भौतिकशास्त्र एस्टोनियनमध्ये शिकवितात.

२०११ च्या जनगणनेत मराठी भाषक आठ कोटींहून अधिक होते. वेग, जडत्व, गुरुत्वाकर्षण हे शब्द आपल्यापाशी आहेतच. वापरल्याने शब्द रुळतात, असे माझे मत आहे. इंग्रजी अवश्य शिका. पण ठाकूरद्वारच्या नाक्यावर बस एकदम थांबली की उभे प्रवासी पुढे का झुकतात, हे आज घरी आजीला मराठीत सांगून पाहा. तिला पटले, तर तुम्हांला जडत्व समजले! शिक्षकांनीही अशी स्वतःच्या शब्दांतली उत्तरे मान्य करावीत.