'रेव्हन'चा युक्रेनमधील धडा

दोन किलोंहूनही कमी वजनाचे आणि सैनिकाने हाताने भिरकावून उडवायचे 'रेव्हन' हे अमेरिकी मानवरहित टेहळणी विमान इराक व अफगाणिस्तानात पायदळाचा डोळा ठरले. सुमारे १० किलोमीटरच्या टप्प्यात टेकडीपलीकडे काय दडले आहे, हे जवानाचा जीव धोक्यात न घालता दिसू लागले. मात्र, त्या युद्धांत प्रतिपक्षाकडे रेडिओ संदेश रोखणारी प्रबळ यंत्रणा नव्हती.

२०१६ मध्ये अमेरिकेने युक्रेनला अशी ७२ विमाने दिली. तीही जुन्या अॅनालॉग संदेशवहनाची. पूर्व युक्रेनमध्ये रशियाचे पाठबळ असलेल्या फुटीरतावाद्यांशी गाठ पडताच त्यांची मर्यादा उघड झाली. विमान व चालक यांच्यातील संपर्क जॅम करता येत होता. इतकेच नव्हे, तर विमानाने टिपलेली चित्रे वाटेतच पकडून युक्रेनी सैन्याचीच ठाणी हेरणे शत्रूला शक्य होते. टेहळणीचे साधनच फितूर ठरावे, असा हा प्रकार!

२०२२ मध्ये सुरू झालेल्या व्यापक युद्धात तर जॅमिंगला चकविण्यासाठी दोन्ही बाजूंनी बारीक ऑप्टिकल फायबरने जोडलेले ड्रोन वापरले. विमान किती दूर उडते, याहून त्याचा संपर्क किती टिकतो, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारला गेला पाहिजे. अन्यथा त्याची किंमत आघाडीवरील जवानाला मोजावी लागते.