माथेरान कीं महाबळेश्वर?

फाल्गुन सरत आला कीं आमच्या नाशकाच्या घरीं एक वार्षिक परिषद भरते. स्थळ, ओसरीवरचा झोपाळा. विषय, वैशाखांत थंड हवेसाठीं कोठें जावयाचें. अध्यक्षपद वयोमानानें आमच्याकडे आहे. खर्चाचा अधिकार मात्र पुतण्यांकडे गेला आहे. यंदा लहानथोर मिळून अकरा माणसें एकत्र निघणार होतीं. आमचे थोरले बंधु निवर्तल्यापासून असा योग आला नव्हता. म्हणून निवड चुकूं नये, अशी सर्वांचीच इच्छा होती.

बालमंडळानें प्रथम काश्मीरांतील गुलमर्गचें नांव पुढें केलें. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणारीं माणसें त्यांनीं चित्रांत पाहिलीं होतीं. परंतु तेथील पाळणा दुसऱ्या टप्प्यांत सुमारे 13,000 फुटांवर नेतो, आणि आमच्या वहिनींचे गुडघे ओसरीच्या तीन पायऱ्यांशींच रोज तंटा करतात. तो ठराव नापास झाला. उरलीं दोन नांवें. मुलें म्हणालीं, दोन्ही पाहूं. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, त्यांस म्हणालों, "बाळांनो, तुम्हांस 'च' हवा आहे, पण सुट्टीचे दिवस 'वा' म्हणत आहेत."

महाबळेश्वराचा पक्ष आम्हींच मांडला. उंची सुमारे साडेचार हजार फूट, म्हणजे माथेरानाच्या दीडपटीहून अधिक. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं 1828-29 च्या सुमारास तेथें गोऱ्या लोकांसाठीं हवा खाण्याचें ठिकाण वसविलें; पेठेस त्यांचेंच नांव पडलें. परंतु क्षेत्र महाबळेश्वर त्याहून कितीतरी जुनें. पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेस कोंकणांत उतरते. कृष्णा मात्र पश्चिमसमुद्र जवळ असतांना त्याकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर चालत पूर्वसमुद्र गांठते. आपली गोदावरीहि त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीवर उगवून अशीच पूर्वेस जाते. जवळच प्रतापगड, 1659 चा इतिहास मुलांस जागेवर दाखवितां येईल. वहिनींस तीर्थ घडेल, आणि मोटार देवळाजवळपर्यंत जाते.

मधल्या पुतण्याचा पक्ष माथेरानचा. "काका," तो म्हणाला, "महाबळेश्वरास सुट्टींत मोटारींच्या रांगाच पाहावयाच्या, तर नाशकांत काय थोड्या आहेत?" माथेरानांत मोटार नाहीं, ही त्याची मुख्य गोष्ट. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं 1850 मध्यें ती जागा हेरली. उंची अवघी 2,600 फूट. पण झाडी दाट, वाटा तांबड्या मातीच्या. नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी आदमजी पीरभॉय घराण्यानें बांधली आणि ती 1907 मध्यें सुरू झाली. सुमारे 21 किलोमीटरांस तिला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. नाशिकरोडहून कल्याण, तेथून लोकलनें नेरळ, असा प्रवासहि सोपा.

मतें माथेरानाकडे झुकूं लागलीं, तेव्हां आम्हीं अध्यक्षीय हरकत घेतली. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढें पाऊण तासाची चाल. आगगाडीनें गांवांत पोंचलें तरी प्रत्येक पॉइंट पायींच गांठावयाचा. वहिनींनीं काय करावें? कोणी म्हणालें, हातरिक्षा. दुसऱ्यानें सांगितलें कीं, ऑगस्ट 2025 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची ही चाल सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आहे. मग "आत्याबाईंस विचारा", "डॉक्टरांस विचारा", अशीं भाषणें झालीं. वहिनी आंत गव्हले वळीत बसल्या होत्या. त्यांस विचारावें, हें कोणासहि सुचलें नाहीं. चाळीस वर्षें मुलांस 'प्रश्न विचारण्यास भिऊं नका' म्हणून सांगणाऱ्या आम्हांसहि नाहीं.

वहिनी आपणहूनच उंबऱ्यापाशीं आल्या. म्हणाल्या, "भावोजी, त्या रिक्षेंत मी एकदांच बसलें आहें. तुमचे बंधु बरोबर होते. चढावर ओढणाऱ्याचा श्वास ऐकूं येऊं लागला, तशीं आम्ही दोघेंहि उतरलों आणि उरलेली वाट चाललों. आदेश निघाला तो चांगलाच झाला. पण जावयाचें तर माथेरानासच जाऊं. छोट्या गाडीनें वर नेऊन मला एका ओटीवर बसवा. तुम्ही खुशाल हिंडा. पन्नास वर्षें सहलीहून आलेल्यांस मीं चहा करून दिला. यंदा झाडांकडे पाहात नुसतें बसावयाचें आहे, आणि चहा दुसऱ्यानें आणून द्यावयाचा आहे."

झोपाळा थांबला. आम्हीं त्यांच्यासाठीं तीर्थ निवडलें होतें, मोटार निवडली होती, देवळाची वाटहि निवडली होती. त्यांस हवी होती फक्त विश्रांति, आणि ज्या वाटेनें एकदां बंधूंबरोबर चालल्या, ती वाट पुन्हां पाहणें. वडीलधाऱ्यांची काळजी घेतां घेतां त्यांचें मत आपणच परस्पर ठरवून टाकतों, हा सुशिक्षित घरांतला दोष आहे. तो प्रेमाच्या वेषांत वावरतो, म्हणून लौकर ओळखूं येत नाहीं.

ठराव एकमतानें पास झाला. आमच्याप्रमाणें वृद्ध माणसांस घेऊन जाणाऱ्या वाचकांसाठीं दोन गोष्टी लिहून ठेवतों. उतरण्याची जागा माथेरान स्टेशनाजवळची आणि ओटी असलेली पाहावी. दृश्याच्या लोभानें दूरची घेऊं नये. छोट्या गाडीचीं तिकिटें मिळालीं नाहींत तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनाहून गांवांत जाणारी गाडी असते. डिसेंबर 2022 पासून तेथें विजेवर चालणाऱ्या रिक्षाहि प्रयोगादाखल सुरू झाल्या. त्यांची चौकशी आधीं करावी. बोजा कमी न्यावा. पावसाळ्यांत नेरळची गाडी बंद असते, म्हणून बेत वैशाखांतच उरकावा.

कृष्णामाईचें दर्शन पुढील वर्षावर ठेविलें आहे. मुलांचा 'च' अशा रीतीनें दोन वर्षांत कां होईना, पुरा होईल. माथेरानांत वहिनींचा सकाळचा चहा कोणी न्यावयाचा, याचेहि वार लावून झाले आहेत. पहिला वार आमचा आहे. म्हणून गेले आठ दिवस आम्ही चहा करावयास शिकत आहों.