सीएनजीचा डबा चालतो, मग हा का नाही?

थोडं लांबलंय, आधीच सांगतो. गाड्यांचं वेड नसेल तरी वाचा, कारण विषय फक्त वेडाचा नाही.

जप्त केलेले फटाका सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ दर काही महिन्यांनी येतात. लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवतो. रात्री साडेअकराला बुलेटचा धडाका ऐकून माझीही आई दचकून उठते. पण त्या व्हिडिओखाली एक वाक्य हमखास असतं, "मॉडिफिकेशनवाल्यांना असंच पाहिजे." या 'मॉडिफिकेशन' शब्दात आपण काय काय कोंबलंय, त्याबद्दल बोलायचंय.

माझ्या चुलतभावाकडे २००२ ची होंडा सिटी आहे, १.५ व्हीटेक. ज्यांना माहितीये ते आत्ता हसले असतील. तो ती ऑटोक्रॉसला पळवतो आणि एरवी भाजी आणायलाही तीच. कॅमशाफ्ट बदलला, हेडर बसवला. झालं, तिथून कंपनीच्या ईसीयूला काही कळेनासं झालं.

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. त्याच्या पोटात तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिन किती हवा ओढतंय त्याचा अंदाज, आणि प्रत्येक घरात एक आकडा: इतकं पेट्रोल टाक, ठिणगी इतके अंश आधी पाड. हे आकडे कंपनीने तिच्या कॅमशाफ्टसाठी भरलेत. कॅम बदलला की हवा बदलते, तक्ता मात्र तोच राहतो.

पहिल्यांदा आम्ही तेच केलं जे सगळे करतात. एका दुकानात गेलो, त्याने 'चिप' बसवून दिली. गाडी डायनोवर चढवली नाही, वाइडबँड सेन्सर लावला नाही, लॉग बघितला नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची फाईल होती, ती भरली. पिकअप वाढल्यासारखा वाटला, कारण टायमिंग पुढे ओढलं होतं. एप्रिलच्या उन्हात चढावर टकटक ऐकू यायला लागली. तिसऱ्या महिन्यात पिस्टनचा कडा तुटला. दुकानदार म्हणाला, "पेट्रोल खराब असेल साहेब."

दुसऱ्या वेळी उलट्या टोकाने सुरुवात केली. डबा कुठला ते नंतर, आधी ट्यून करणारा माणूस शोधला. हे मी सगळ्यांना सांगतो. पोरं येतात आणि विचारतात, "मोटेक चांगला, हाल्टेक चांगला की लिंक?" अरे, तिन्ही चांगलेच आहेत. तुझ्या गावात त्याचं सॉफ्टवेअर कोणाला येतं ते बघ. तुझ्या क्रँकच्या सेन्सरचा सिग्नल तो वाचू शकतो का, चार इंजेक्टर वेगवेगळे चालवू शकतो का, नॉकिंग ऐकू शकतो का, एसी लावल्यावर आयडल सांभाळतो का, हे विचार. आणि बजेट करताना डब्याच्या किमतीत वायरिंग आणि डायनोचे तास धर, नाहीतर डबा घरी येतो आणि वर्षभर माळ्यावर पडून राहतो. परदेशी डबा, वायरिंग आणि ट्यूनिंग मिळून लाखाच्या वर सहज जातं. स्पीडुइनोसारखा खुला प्रकल्प आर्डुइनोच्या बोर्डावर चालतो, कितीतरी स्वस्तात होतं, पण सोल्डरिंगपासून सगळं तुम्हालाच निस्तरायचं. कंपनीचा कंप्युटर ठेवून त्याच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा पिगीबॅक हा मधला मार्ग. बंगळुरूची रेस डायनॅमिक्स पॉवरट्रॉनिक नावाने तो बनवते, बाइकवाल्यांना ठाऊक असेल.

आमचा ट्यूनर मितभाषी माणूस. पहिला अर्धा तास त्याने लॅपटॉपला हातच लावला नाही. टायमिंग लाइट घेऊन पुलीवरची खूण बघत बसला. कंप्युटर म्हणत होता ठिणगी १० अंशांवर आहे, पुली दाखवत होती १४. "हे जुळल्याशिवाय पुढचा प्रत्येक आकडा खोटा," एवढंच म्हणाला. मग आयडल, मग हळू चालतानाची घरं, आणि फुल थ्रॉटल सगळ्यात शेवटी. मिश्रण आधी बरोबर केलं, मग टायमिंग एकेक अंश पुढे. टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं आणि थोडं मागे यायचं, कारण मे महिन्यात आत येणारी हवा आजच्यापेक्षा गरम असणार. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू व्हावं म्हणून तो पुढचे तीन दिवस सकाळी सहाला आमच्या पार्किंगमध्ये हजर. पॉवर किती वाढली? दहा-बारा हॉर्सपॉवर. इन्स्टाग्रामवर टाकायला लाज वाटेल इतकी.

पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे, साध्या चालीत मिश्रण जिथे हवं तिथे आहे आणि पीयूसीचा आकडा आधीपेक्षा खाली आला. आधी तिचा ऑक्सिजन सेन्सर मेलेला होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ आणलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीत इंजिन नंबर असतो, सीसी असते, रंग असतो, इंधन असतं. मॅपचा रकानाच नाही. म्हणजे भाऊ नोंद करून घ्यायला गेला तर नोंदवायला जागा नाही, आणि न नोंदवता चालवली तर गुन्हेगार.

आणि पकडतं कोण? भावाची गाडी वीस वर्षांची झाली तेव्हा रिपासिंगला गेली. इन्स्पेक्टरने चॅसी नंबर बघितला, हेडलाइट बघितले, हॉर्न वाजवला. डॅशबोर्डखाली कोण डोकावणार? पीयूसी सेंटरवर पेट्रोल गाडीचा आयडलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलचा धूर मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड कोणीच मोजत नाही.

याचा खरा फायदा कोणाला होतो सांगतो. डिझेल एसयूव्हीवाल्यांना. 'स्टेज वन' रिमॅपसोबत डीपीएफ काढून देणारे आहेत. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती तुंबते, बदलायला महाग पडते, म्हणून आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतात आणि सॉफ्टवेअरला सांगतात की गाळणी ठीक आहे. एप्रिल २०२० पासून आपण बीएस-६ आणलं, गाड्या महाग झाल्या, तो खर्च ग्राहकांनीच भरला. तो दोन तासांत धुळीला मिळतो. कायद्याच्या नजरेत हा माणूस आणि माझा भाऊ एकच. आमच्या ट्यूनिंगवाल्या मंडळींनाही सांगतो, हे काम तुमच्यातलेच लोक करतात, तुम्हाला त्यांची नावंही माहिती आहेत, आणि तुम्ही गप्प बसता. मग रोडरोलर आला की 'पॅशन'च्या गप्पा.

आता शीर्षकाकडे येतो. तुमच्या शेजाऱ्याच्या वॅगनआरला बाहेरून सीएनजी किट बसवलंय ना? सिक्वेन्शियल किट असेल तर बॉनेट उघडून बघा, एक छोटा डबा दिसेल. तो ईसीयूच आहे. आफ्टरमार्केट. मूळ कंप्युटरने पेट्रोल इंजेक्टरला दिलेला सिग्नल तो मधेच पकडतो, गॅसच्या हिशेबाने बदलतो आणि गॅसच्या इंजेक्टरला देतो. फिटर लॅपटॉप लावून त्याचा मॅप जुळवतो, एक चक्कर मारून येतो, परत जुळवतो. जे आमच्या ट्यूनरने केलं त्याचंच हे भावंड. फरक एवढाच की किटला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी असते, आरटीओ आरसीवर सीएनजीची नोंद करतं, आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. असे डबे आपल्या रस्त्यांवर ढिगाने धावतात आणि कायद्याचं आभाळ कोसळलेलं नाही.

म्हणजे बाहेरचा कंप्युटर तपासून, मंजूर करून, नोंदवून घेण्याची वाट आपल्याकडे आहे. इंधन स्वस्त व्हावं म्हणून ती काढली. मग इतरांसाठी का उघडत नाही?

आणि इंधनावरूनच आठवलं. पंपावर आता ई-२० मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि २० टक्के मिसळलं की साधारण साडेतेरा. म्हणजे तितक्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी साध्या चालीत हे स्वतः सावरून घेते, ठरावीक मर्यादेत. फुल थ्रॉटलला बऱ्याच जुन्या गाड्या सेन्सरचं ऐकतच नाहीत, छापील तक्त्यावर चालतात. कार्ब्युरेटरच्या बाइकला तर सावरून घ्यायला कोणी नाहीच. इंजिनं फुटणार, गाड्या पेटणार, ही व्हॉट्सअॅपवरची भीती मला मान्य नाही. पण भावाच्या गाडीत आम्ही एका दुपारी तक्ता सुधारला. तुमच्या २०१२ च्या गाडीचा तक्ता कोण सुधारणार? सरकारने इंधन बदललं, आणि त्या इंधनाला जुळवून घ्यायचा मॅप तुम्ही बदलला तर तो बेकायदा. हे कोणीतरी मला समजावून सांगा.

जर्मनीत बदल केलेली गाडी टीयूव्हीकडे नेऊन तपासून कागदपत्रात नोंदवता येते. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही आफ्टरमार्केट पार्टने प्रदूषण वाढत नाही असं सिद्ध केलं की त्याला मंजुरीचा क्रमांक मिळतो. आपल्याकडे कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, देशातल्या गाड्या जिथे तपासल्या जातात. डबा आणि मॅप मिळून मंजुरी द्या, कॅटॅलिटिक आणि डीपीएफ जागेवर असणं सक्तीचं करा, मॅप कुलूपबंद करा, आरसीवर एक ओळ टाका. गाळणी काढणाऱ्याला मग खुशाल रोडरोलरखाली घाला, म्हणजे त्याच्या डब्याला.

एक मित्र म्हणाला, "आरटीओत आणखी एक खिडकी म्हणजे आणखी एक एजंट." खरंय, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. म्हणून सुरुवात गाडीगणिक तपासणीने नको, किटसारखी उत्पादनाच्या मंजुरीने करा. दुसरा म्हणाला, यामुळे पोरं वेगाने चालवतील. शोरूममधून पाचशे हॉर्सपॉवरची गाडी अठरा वर्षांच्या पोराच्या हातात कायदेशीरपणे देता येते, हे त्याला सांगितलं. वेगाचा प्रश्न रस्त्यावर सोडवायचा असतो, डॅशबोर्डखाली नाही.

डीपीएफ कुठे काढून मिळेल असे मेसेज कृपया मला करू नका. या आधीच्या पोस्टनंतर चार आले होते.

पुढच्या महिन्यात भावाच्या गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करायचाय. फॉर्मवर 'गाडीत काही बदल केले आहेत का' असा प्रश्न आहे. 'हो' लिहिलं तर नोंद दाखवा म्हणतील, 'नाही' लिहिलं तर उद्या क्लेम नाकारतील. आरटीओतलं किंवा इन्शुरन्समधलं कोणी वाचत असेल तर त्या रकान्यात काय लिहायचं ते सांगा.